रानमांजर

मी मीटर वाचतो.
तीन गावं, दोन पोड, एक जिनिंग
आणि हायवेवरचे ते ढाबे, जिथे काटा फिरतच नाही.
रोजचे बावीस किलोमीटर, सायकलीवर.
जाता जाता खेळ खेळतो.

फोनमधून पाहिलं की
पाण्याच्या टाकीवर बुरूज दिसतो,
एसटीच्या थांब्यावर तोफ,
पोडावरच्या बंद हातपंपावर ज्योत.
चाळीस पावलांच्या आत
स्वतः जाऊन उभं राहायचं,
मग ते ठाणं तुमचं.

मी, जिनिंगचे वॉचमन सुरपाम,
आणि बारावीतली मृणाली झाडे
(ती शिकवणीला जाताना एसटीच्या खिडकीतून दोन मारते).
जांभळा गट. तीनच माणसं, अकरा ठाणी.

मग रानमांजर आलं.

रात्री दोनला टाकी पिवळी.
दोन वाजून एक मिनिटाने पोडावरचा हातपंप,
मधे नऊ किलोमीटर आणि एक नाला.
सुरपाम म्हणाले, "जीप असन."
मृणाली म्हणाली, "काका, जीप कायची?
हा मानूस घरातून हललाच नाही.
फोनले खोटं ठिकान सांगून राहिला."

सोळा वर्षं मी चोऱ्या पाहतोय.
मीटरवर चुंबक ठेवणारे,
साहेब आले की बांबूने तार ओढून घेणारे.
पण थेट आभाळावर आकडा टाकलेला
पहिल्यांदाच पाहत होतो.

तक्रार केली. इंग्रजीत उत्तर आलं:
आभारी आहोत, दखल घेतली आहे.
असंच मीही सांगतो लोकांना,
बिल जास्त आलं म्हणून भांडायला आले की.

एका रात्री टाकीखाली दबा धरला.
सुरपामांनी काठी आणली होती.
बरोबर दोनला तो आला,
माझ्या शेजारी, इतका शेजारी
की नकाशावर आमचे ठिपके एकमेकांवर चढले.
मी हात फिरवून पाहिला.
टाकी गळत होती, टप टप.
एक कुत्रं आलं
आणि फक्त माझ्यावर भुंकलं.

मृणालीनंच शोधलं शेवटी.
बाकी ठाणी तो घेतो, सोडतो.
एकावर मात्र रोज संध्याकाळी सातला येतो:
धामणखेड.
जुनं.
धरणात जाऊन अकरा वर्षं झाली त्याला,
नकाशाला कोणी कळवलं नव्हतं.
तिथे आमच्यापैकी कोण उभा राहणार? मासे?

नव्या धामणखेडची रीडिंगं माझ्याकडेच आहेत,
प्लॉट एक ते एकशे चाळीस.
त्रेसष्टमध्ये हंसराज नागोसे, पंक्चर आणि रिचार्ज.
काउंटरवर तीन फोन चार्जिंगला.
"रानमांजर तूच होय ना बे?"
त्यानं नाही म्हटलं नाही. पाणी दिलं.
"भाऊ, बाकी सारी वापस घ्या. गमत म्हनून मारली."
"आन् धामणखेड?"
तो ट्यूब पाण्यात बुडवून
बुडबुडे पाहत बसला.
"देऊळ दाखवते अजून त्याच्यात," म्हणाला.
"बाजूले आमचा ओटा होता."

वीजचोरीत तडजोडीची रक्कम भरून घेतो आम्ही.
याच्याकडून काय घेणार?
रविवारी कॅरिअरवर बसवला त्याला,
टाकी, थांबा, हातपंप, सगळीकडे नेला.
प्रत्येक ठिकाणी खाली उतरून
आपल्या पायांवर उभा राहिला
आणि सोडून दिलं एकेक.
पोडावर त्याला काटा रुतला.
हातपंप इतका गंजलाय
हे त्याला माहीतच नव्हतं.

परवा मृणाली म्हणाली,
"काका, धामणखेडची तक्रार करायची राहिली."
म्हटलं, ते आपल्या यादीत नाही,
तिथलं कनेक्शन केव्हाच कापलंय.

"मंग ज्योत कशी पेटते?"

मी टोपी घातली, सायकल काढली.
"आकडा असन."