पातेलं क्रमांक तीन

आमच्या इद्दिरची मालमत्ता:
तंबू एक, एका बाजूने उसवलेला.
बाकं एकोणीस. वीस होती,
विसावं तेशोमेच्या मुलाच्या लग्नात गेलं ते गेलंच.
किटल्या सहा. पातेली तीन,
बुडाला लाल रंगात आकडे.
आणि शिफेराव,
ज्याचा तुतारीवरचा हक्क आजोबांपासूनचा.

तीस वर्षं ही वही मी लिहितोय.
महिन्याला मूठभर बिर्र, घरटी एक नाव,
आणि कुणी गेलं की बाकी सगळ्यांनी जायचं,
एवढाच काय तो कायदा.
पहाटे शिफेराव गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा,
फुंकायचा, नाव उच्चारायचा,
आणि अदिस अबाबाच्या त्या उतारावर
कडीमागून कडी वाजत जायची.
पहिली कॉफी उकळायच्या आत तंबू उभा.

मग रस्ता रुंद झाला.
आमच्या अंगावरून रुंद झाला, असं झेनेबेच म्हणते.
सोडतीच्या चिठ्ठ्यांनी आम्हाला पिसून वाटलं,
कोणी पूर्वेला, कोणी विमानतळापल्याड.
एका भिंतीच्या दोन बाजूंना खोकणारी माणसं
आता दोन बस आणि एक टॅक्सी लांब.
अकरा घरं तेवढी एका इमारतीत निघाली,
बारा मजली; लिफ्ट कधी असते, कधी नसते.
पातेली जिन्याखाली ठेवली.
सोसायटी म्हणते, हलवा.

एका मंगळवारी नवव्या मजल्यावरची बाई गेली.
कोण? कुणालाच माहीत नाही.
गोंडरहून मुलाकडे आलेली. मुलगा बँकेत,
सकाळी सातला टाय, रात्री नऊला टाय.
वही पाहिली. नाव नाही, वर्गणी नाही.
नियम सांगतो, तीन महिने आधी.
मी नियम वाचून दाखवला. मोठ्याने. दोनदा.
झेनेबेच म्हणाली,
मग तिला सांग थांबायला.

शिफेराव खाली गेला आणि घुटमळला.
गल्ली असती तर गल्लीकडे तोंड केलं असतं.
इथे चहूकडे खिडक्या,
सगळ्या बंद, सगळ्या सारख्या.
शेवटी त्याने मान मागे टाकली
आणि सरळ वर फुंकली.
दुसऱ्या मजल्यावरून कोणी ओरडलं,
जाहिरात बंद करा!
पाचव्यावर एक म्हातारी रडू लागली.
तिला आवाज ओळखीचा होता,
नाव नाही.

मुलगा म्हणाला, आईला शेवटी जिना उतरवत नव्हता,
माणसं तिच्या दारातच बसू द्या.
म्हणजे पातेलं वर न्यायचं.
लिफ्टच्या दारात ते मावेना,
बोटभर कमी पडलं.
मी, तेशोमे, आणि त्याचा तो लग्नवाला मुलगा
(बाकाचा विषय मी काढला नाही).
तिसऱ्यावर एक दार उघडलं,
आम्हाला पाहून मिटलं.
चौथ्यावर एक पोरगी भांडायलाच बाहेर आली,
बाळ आत्ता झोपलंय म्हणाली,
मग बाळ नवऱ्याच्या हातात दिलं
आणि पातेल्याचा दुसरा कान धरला.
सहाव्यावर दोघे आले, एकमेकांशी न बोलणारे.
सातव्याच्या वळणावर भिंत खरवडली, वीतभर,
चुना माझ्या टकलावर.
नवव्यावर पोचलो तेव्हा
पातेल्याची कड हातांना पुरत नव्हती.

तीन दिवस बसलो.
टायवाला मुलगा एकदाच बोलला:
माझं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?
कुणीच नाही. मी वही उघडली,
विचारलं, लिहिलं.
आईचंही लिहिलं. पेन्सिलने,
नियम तो नियम.

काल सोसायटीचं पत्र आलं:
सातवा मजला, भिंतीची नासधूस, दंड चारशे बिर्र.
भरला.
खर्चाच्या रकान्यात काय लिहावं
यावर अर्धा तास वाद.
झेनेबेच शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणाली,
रस्ता रुंदीकरण, लिही.