रोज एकदा पलटायची

डिसेंबरच्या नऊ तारखेला यासीनभाईने जीभ दिली,
पेपरात गुंडाळून, दीड किलोला थोडी कमी.
'रेड्याची आहे. बैल बंद झाल्यापासून हीच.
मऊ होईल, पण तुमच्या मिठावर आहे सगळं.'
माझ्या मिठावर कधीच नव्हतं.
मीठ इझिडोरचं असायचं.

सोरा तीन दुकानांत मिळाला नाही.
चौथा म्हणाला, फटाके बनवता काय?
म्हटलं, नाताळ.
त्याने चिमूटभर पुडीत बांधून दिला
आणि असं बघितलं
की मीच वात पेटवून उभा आहे.

काट्याने टोचायची. सगळीकडून, पार मुळापर्यंत.
लिंबं बारा, जाडं मीठ, सोरा नखावर मावेल एवढाच,
गूळ चमचाभर. गूळ आमच्या घरचा;
शेजारचे मिस्कीटा साखर घालतात आणि फसतात.
वरून खरखरीत असते, चोळताना तळहात सोलतो,
मग तो हात रात्रभर बोलत राहतो.

चौथीच्या पुस्तकात एक रेडा वेद बोलला होता.
कोळेकल्याणच्या म्युनिसिपालिटी शाळेत
मी बाईंना विचारलं, पुढे त्याचं काय झालं?
बाईंनी मला बाकावर उभं केलं.
अजून कुणी सांगितलेलं नाही.

बरणी चिनी मातीची, कानाला चीर.
वर बशी, बशीवर वरवंटा.
घर पाडलं तेव्हा पाटा डेब्रिसमध्ये गेला;
वरवंटा अर्सुलाने कापडी पिशवीतून आणला.
सातव्या मजल्यावर त्याला वाटायला काही नाही.
तो नुसता बसतो. दाबून.
भाज्यांचा कप्पा काढून बरणी फ्रिजमध्ये ठेवली.
डोक्यावरून विमान गेलं
की आतल्या आत बशी कणभर वाजते.

इझिडोरचा फोन रात्री साडेदहाला, ब्रॅम्प्टनहून.
तिकडे त्याचे दुपारचे बारा.
'पलटलीस?'
'पलटली.'
'पाणी सुटलं?'
'सुटलं.'
'टाकू नको. त्यातच राहू दे तिला.'
मग बर्फाचं, गुडघ्याचं,
पोरांना आपली बोली येत नाही त्याचं.

हक्कसोडपत्र मी ऑगस्टमध्येच कुरिअर केलंय.
पोचल्याची सही मोबाइलवर दिसली, त्याचीच,
इ मोठा, बाकी रेघ.
तो काढत नाही विषय. मी विचारत नाही.
पंधरा दिवस आम्ही सख्खे भाऊ
फक्त जिभेबद्दल बोलतो.

एकदा पलटायचं राहिलं. तेराव्या दिवशी,
सोसायटीच्या मीटिंगमुळे.
फोनवर म्हटलं, पलटली.
तो थोडं थांबून म्हणाला, बरं.

चोवीसच्या सकाळी उकळली, तीन तास.
कातडं गरम असतानाच ओढायचं,
गार झालं की सुटत नाही.
एका ओढीत निघालं, पायमोज्यासारखं.
बोटं भाजली, बरं वाटलं.

सणाच्या दिवशी सुरी लावली:
कडेने लाल, अगदी त्याच्यासारखी,
आणि मधोमध एक राखाडी गोल, रुपयाएवढा.
तिथवर मीठ पोचलं नव्हतं.

व्हिडिओवर इझिडोरला काप दाखवला. टोकाचा.
'आतला दाखव.'
दाखवला.
तो चष्मा लावून बघत राहिला.
मागे त्याचं स्वयंपाकघर, फ्रिजवर चुंबकाखाली
एक लांब तपकिरी पाकीट, न फोडलेलं.
आमची खिडकी थरथरली, विमान गेलं.

'मधे राहिलीय,' तो म्हणाला.
'अजून दोन दिवस हवे होते.'
मग म्हणाला, 'खा.
कडेकडेने चांगली लागेल.'