तिसऱ्या ओळीत

बचत गटाच्या मॅडमनी फैजपूरहून कागद आणले.
तिसऱ्या ओळीत विचारलंय :
तुमच्या अंगी काय गुण आहे?
लीलाबाई म्हणाली, माझं भरीत.
रजूबाई म्हणाली, मी भांडते. सगळ्या हसल्या.
माझी पाळी आली तर म्हटलं,
मले काय येतं व मॅडम,
मी तर जन्मभर घड वाहिले.

चाळीस वर्षं, चिनावलच्या बागांमधून,
बांधावर उभ्या ट्रकपर्यंत.
डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर केळीचा घड,
लुगड्यावर चिकाचे डाग.
धुऊन जात नाहीत ते,
काळेच होत जातात.
यात गुण कसला? ओझं ते ओझं.

रात्री लाईट गेली.
अंगणात खाटेवर पडले
आणि कोण जाणे का, तो काटा आठवला.
व्यापाऱ्याचा मुनीम म्हणाला, चौदा किलो.
तो घड मी आत्ताच उतरवला होता,
मान अजून बोलत होती.
हळूच म्हटलं, भाऊ, हा अठराचा आहे.
तो म्हणाला, तुझी मान काय काटा आहे का?
निंबा चौधरीनं रेशन दुकानातली मापं मागवली.
सतरा किलो आठशे.
मला दहा रुपये मिळाले आणि मुनीम बदलला.
मी समजले, योगायोग.

मग शकूची नात.
पोळ्याची संध्याकाळ, बैलांच्या शिंगांना रंग,
घरात गर्दी, पोर बापावर गेली म्हणून कौतुक.
तेल लावायला तिला हातावर घेतली
आणि हात थबकला.
परवा होती त्याहून हलकी.
बोलले तर शकूची सासू अंगावर आली :
नजर लावते का व?
केळीच्याच ट्रकमध्ये बसून गेलो भुसावळला,
पोर माझ्या पदरात,
मागे दोनशे घड.
ती आता अकरावीला आहे.
रस्त्यात भेटली तर मोबाईलमधून मान वर काढत नाही.
बरं आहे. मान धड आहे.

आणि एकदा
हाताला कळलं, तोंडानं सांगितलं नाही.
ह्यांना खाटेवरून मोरीत न्यायची मी,
दर सोमवारी थोडे कमी.
विचारायचे, कसा दिसतो?
मी म्हणायची, पहिल्यासारखे.
दोन महिने म्हटलं.

मला सुपात घालून ओढलं होतं, म्हणून सुपडाबाई.
माय सांगायची, मूठभर होतीस,
बारशाचा गूळही कोणी आणला नव्हता.
पण सुपात घालायच्या आधी
कुणा बाईनं मला उचललं असेल ना,
आणि तिच्या हाताला वाटलं असेल,
आहे, या पोरीत वजन आहे.
तिचं नाव मायलाही आठवत नव्हतं.

लाईट आली.
पिठाच्या डब्याखालून कागद काढला,
तळहातावर ठेवला.
काहीच लागत नव्हता हाताला.
नातवाला हलवलं. ऊठ रे गोलू, पेन घे.
तिसऱ्या ओळीत लिही : वजन कळतं.

डोळे चोळत म्हणाला,
कशाचं, आजी?

म्हटलं, तू लिही तर आधी.