उरलेल्या गोळ्या

दर महिन्याला चार गोळ्या उरतात.
मी पाकीट उजेडात धरून मोजते
आणि केवळबाईंना बोलते :
तीस दिल्या, सव्वीस घेतल्या,
मग हाताच्या मुंग्या थांबणार कशा?
त्या ऐकून घेतात. टेबलाच्या कडेवर
अंगठ्यानं एकच जागा घासत राहतात.

जिंतूरच्या या खोलीत दुपारी दोनपर्यंत
नव्वद केसपेपर होतात.
पंखा आहे, भरवशाचा नाही.
मला आवडतो खाली येणारा आकडा,
अकरावरून आठ, आठवरून सात पूर्णांक दोन.
सात पूर्णांक दोन! रिपोर्ट त्यांच्यापुढं धरला मी,
पहिल्या आलेल्या पोराची गुणपत्रिका धरावी तसा.
त्यांनी तो उलटा करून पाहिला. मागं कोरा होता.
"ह्याच्यात बोटांचं कुठं लिवलंय, डाक्तरबाई?"

बोटं.
चाळीस वर्षं गावोगावच्या बायकांचे हात दाबून
काच चढवलेली बोटं.
अंगठ्याच्या बुडातलं हाड हळूच आत दाबायचं,
साबण न लावता, बोलत बोलत, सासरचं विचारत,
पोरगी हसते न हसते तोच बांगडी मनगटात.
"आता काच कवा चढला, कवा तडकला, कळंना.
परवा एका नवरीचं रगत काढलं म्या."

हे त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं.
मी विचारते पाय सुजतात का,
रात्री किती वेळा उठता,
चहातली साखर सोडली का.

"आन ही गोळी घेतली की हात झोपतो.
म्हून बाजाराच्या दिवशी न्हाई घेत."

चार बाजार. चार गोळ्या.
हिशोब माझ्याहून चोख होता.

गोळी रात्रीवर ढकलली, मात्रा निम्मी केली.
मुंग्या थोड्या वाढतील, म्हणाले.
"वाढू द्या की. मुंग्या हाईत म्हंजी
काहीतरी हाय तिथं."
माझ्या पुस्तकात मुंग्या तक्रारींच्या रकान्यात आहेत.

मग डोळे मिटायला सांगून
नायलॉनचा बारीक तंतू टेकवला बोटाला.
लागतंय?
न्हाई.
इथं?
न्हाई.
करंगळीपाशी आल्यावर म्हणाल्या,
"दोरा न्हाई कळत. तुमचा हात गार हाय,
त्ये कळतंय."
आणि डोळे न उघडता
माझाच पंजा धरला, चारी बोटं जुळवली,
अंगठ्याच्या बुडाशी दाबून पाहिलं.
"सव्वादोन.
हाड कडक हाय तुमचं. येळ लागंल."

बाहेर एक्क्याण्णवावा खोकत होता.
मी लिहिलं, संवेदना : कमी.
ते खरंच आहे.