चतुर्थीचं पाणी

तिथीचे पाऊणपट करायचे,
की भरती कधी पुरी होते ते कळतं.
चतुर्थी, तर तीन.
हरेश्वरकाकांनी हे बोटांवर मोजलं नाही,
नुसती तंबाखू मळत आभाळ बघितलं.
पितृपाखात कोणी होडी विकतं का,
काकी दारातूनच म्हणाली.
"पानी पितरांना इचारून चढतं काय?"

दिवाळ्याच्या जेटीवर अकराला
चिखल अजून उघडा होता,
निवट्या त्यावर शेपटीने सह्या करत होत्या.
पाऊस भाद्रपदातला, हजेरीपुरता:
कधी भुरभुर, कधी धावत अंगावर येऊन
काही न बोलता निघून जाणारा.
मी छत्री उघडली. काका हसले.
होडीत छत्री म्हणजे दुसरं शीड. मिटली.
इंजिन तीनदा खोकून नाही म्हणालं,
चौथ्यांदा हो.

खाडीच्या तोंडातून बाहेर पडून उत्तरेला वळलो.
उजव्या हाताला करावे, मग सीवूड्सचे मनोरे,
तेही कमरेपर्यंतच;
वरचे मजले ढगांनी ठेवून घेतले होते.
समुद्र दिसतो म्हणून ज्यांनी जास्त पैसे मोजले
त्यांना आज आम्हीही दिसत नसणार.
"हितं माझे बापाचे खुंट व्हते," काका म्हणाले
आणि पाण्यातली एक जागा दाखवली,
बाकीच्या पाण्यासारखीच.

तांदळाची भाकरी पावसाने मऊ केली,
जवळ्याची चटणी मात्र तशीच कडक राहिली.
मी डालड्याच्या डब्याने पाणी उपसत होते.
जेवढं बाहेर टाकलं
तेवढं वरून परत येत होतं.

वाशीच्या पुलाखाली पाऊस थांबला.
दोन पुलांमधल्या फटीत थोडा पडला,
पुढच्या पुलाखाली पुन्हा थांबला.
तिथेच वरून कोणीतरी निर्माल्याची पिशवी सोडली.
इंजिन एकदा गुरगुरलं आणि गप्प.
होडी तिरकी होऊन खांबाकडे सरकू लागली.
मी हात पुढे केला,
जसा काही मी पूल अडवणार होते.
काकांनी खांबाला बांबू लावला, तो माझ्या हातात दिला,
कोयता घेतला आणि कमरेतून वाकून
खांद्यापर्यंत पाण्यात गेले.
वर आली झेंडूची माळ, नाडा, काळी पिशवी,
आणि प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक फोटो:
टोपीवाले आजोबा, कपाळावर ओघळलेलं कुंकू.
काकांनी हातभर अंतरावरून निरखलं.
"आपले नाय," म्हणाले.
पण परत पाण्यात टाकले नाहीत.
फळीखाली, रॉकेलच्या कॅनशेजारी
आजोबांना कोरडी जागा मिळाली.

ऐरोलीनंतर खाडी अरुंद होत गेली.
दोन्हीकडून तिवरं जवळ आली,
एक ढोकरी मान आत घेऊन
ऑफिस सुटायची वाट बघत होती.
इथे पाणी नसेल तर होडी रुततेच,
पण पाणी आमच्याबरोबरच वर चाललं होतं,
एकाच गावाला निघालेल्या शेजाऱ्यासारखं.
दोघांतलं कोणी बोललं नाही.
दर थोड्या वेळाने काका काठाच्या फळीवरून
अंगठा फिरवत होते,
लाकूड फुगलंय का बघायला असेल.

चेंदणीला वासुदेव नाखवा उभा होता,
डोक्यावर खताचं पोतं, टोकाला शेंडी करून.
त्याने होडी बोटांच्या पेरांनी ठोकली,
नारळ घेताना ठोकतात तशी.
खाली वाकला. "हे कोण?"
"होडीबरोबरचे," काका म्हणाले.
नाखवाने चप्पल काढून नमस्कार केला.
भिजतील म्हणून नोटा मोजल्या नाहीत.
नाव काय हिचं, पोराने विचारलं.
काकांनी त्याच्याकडे बघितलं.
"आमी धाकटी म्हनायचो. तुमी बघा."
मोठी कुठे गेली, ते त्याने विचारलं नाही.

बसमध्ये डबा काकांच्या मांडीवर होता.
तो व्यवहारात नव्हता, म्हणाले.
तळाशी दोन बोटं पाणी, खारं आणि गोडं,
वळणावर या कडेवरून त्या कडेला जाणारं.
कंडक्टरने डब्याकडे बघितलं,
दोनच तिकिटं फाडली.
कळव्याच्या पुलावर काका अर्धे उठले.
काच पुसली. खाली ओहोटी लागली होती,
खांबांवर ओली रेघ दिसायला लागली होती.
"उद्या पंचमी," ते काचेला म्हणाले.
"पावनेचार."