हो हो

अक्कलकोट रोडवरच्या आमच्या शेडमध्ये
अठ्ठेचाळीस माग एकदम धडधडतात,
तेव्हा माणसाचं बोलणं
ओठांवर वाचावं लागतं.
हे कळायला मला चार वर्षं लागली.

तोवर मी केबिनमध्ये होतो.
काचेआड, कूलरसमोर.
कॅमेऱ्यांच्या सहा चौकटींत
सगळे दिसायचे मला,
मुंगीएवढे, बिनआवाजाचे.

कांडी मशीनवरची राजव्वा येमूल
एकदा दारात आली. मे महिना, भर दुपार.
पदराला सुताचा कोंडा.
काहीतरी सांगू लागली.
मी म्हणालो, हो. मग म्हणालो, हो हो.
बोट मोबाइलवर, सुताच्या भावावर.
मान वर केली तर ती गप्प.
"मग? पुढं?"
"आता काय पुढं, मालक," ती म्हणाली,
"तुम्ही हो म्हणून टाकलं की."

कशाला हो म्हणालो होतो मी?
रात्री रेकॉर्डिंग मागं-पुढं करून पाहिलं.
सोळा सेकंद राजव्वा.
हलणारे ओठ,
आणि वरून दिसणारं माझं टक्कल.

सकाळी खाली गेलो, विचारलं.
ती हसली. "काही नाही हो."
बालय्या जॉबर तेलकट हात पुसत म्हणाला,
"मागाला काय विचारत बसतो का आपण?
जवळ उभारायचं. तोच सांगतो."

मग रोज,
मोबाइल खणात ठेवून,
सुताच्या पोत्यावर बसू लागलो.
आधी सगळे ताठ झाले,
वाटलं, मालक कुणाला तरी काढणार.
हळूहळू विसरले मला.
तेव्हा दिसलं:
बाराव्या मागाचा धोटा किंचित अडखळतो,
शिवलिंगप्पा डाव्या पायावर भार देत नाही,
आणि कांडी भरता भरता राजव्वा
सारखी दाराकडं बघते,
शाळा सुटायच्या वेळेला जास्तच.

एका दुपारी वीज गेली.
अठ्ठेचाळीस माग एकदम मुके.
उन्हाच्या पट्ट्यात नुसता तरंगणारा कापूस.
राजव्वानं डबा उघडला,
कडक भाकरी मोडली,
शेंगाचटणी घालून अर्धी माझ्याकडं केली
आणि त्या दिवशीचं वाक्य
जिथं तुटलं होतं
तिथंच गाठ मारून
पुढं सुरू केलं.

मी हो म्हणालो नाही.
घास तोंडात तसाच.

बल्ब लागला.
बालय्यानं आमच्याकडं पाहिलं,
आणि मेन स्विचवर गेलेला हात
तिथंच धरून ठेवला.