छाट

निपाणीत, स्टँडमागच्या गल्लीत,
अमेरिकेची राज्यघटना आमच्या घरी आली
हुक्केरी सरांच्या नोट्समधून,
कन्नड वळणाच्या मराठी अक्षरांत.
बी.ए. दुसरं वर्ष, पेपर चौथा.

मी मोठ्यानं वाचायचे.
आईच्या मांडीवर सूप,
सुपात तंबाखू, भिजवलेली पानं, लोखंडी फर्मा, कात्री.
तिचे हात हजाराच्या मागे.
"आम्ही लोक," मी सुरुवात केली.
"आम्ही म्हंजे कोण कोण?" ती.
आई, परीक्षेला हे विचारत नाहीत.

पुढच्या पानावर मोजणी होती.
कुठल्या राज्याचे किती प्रतिनिधी,
त्यासाठी माणसं मोजायची,
आणि गुलाम धरायचे पाचास तीन.
गुलाम हा शब्द मात्र घातलेला नाही,
"इतर सर्व व्यक्ती" एवढंच.

आईचे हात थांबले.
बोलताना, रडताना, तापातसुद्धा न थांबलेले हात.
"म्हंजे छाट," ती म्हणाली.

हजार बिड्या नेऊन दिल्या
की चेकर मुठीनं उपसतो,
ही सैल, ही तोंडाला फाटकी.
फेकत नाही हं.
ठेवून घेतो, विकतोही,
फक्त मोजत नाही.
"आणि त्या गुलामांचं जे मोजलं,
ते गेलं मालकाच्याच वहीत. व्हय की न्हाई?"
सरांना हे सांगायला दोन पानं लागली होती.

"मग ते खोडलं कधी?"

खोडलं नाही. युद्ध झालं, लाखो मेले,
मग तेरावी दुरुस्ती, चौदावी, मागं जोडली.
जुनं वाक्य तिथंच आहे.
"तिथंच?"
तिथंच. ते खोडत नाहीत, पुढं लिहितात.
दारूबंदीची अठरावी
आणि ती उठवणारी एकविसावी,
भांडलेल्या जावांसारख्या एकाच चुलीशी.
आई बराच वेळ दोरा गुंडाळत राहिली.
"बरं हाय. खोडलं असतं
तर चेकर म्हणाला असता, छाट कधी काढलीच न्हाई."

आमच्याकडे रंग देतात.
शाळेच्या पाटीचे पोपडे निघाले
की कर्नाटकाखालून म्हैसूर वर येतं,
म्हैसूरखालून मुंबई राज्य,
त्याच्याही खाली कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं
एका पोरीचं नाव.

एक कलम सरांनी वर्गात हळू वाचलं होतं:
राज्याची हद्द बदलायची
तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते.
त्यांच्याकडे. आपल्याकडे नुसतं मत विचारतात.
सरांनी चष्मा काढून पुसला.
अर्धा वर्ग एका भाषेत गप्प बसला,
अर्धा दुसऱ्या.
बाहेर धारवाडची एसटी की कोल्हापूरची,
हॉर्नवरून कळत नव्हतं.

हे आईला सांगितलं नाही.
तिला विचारलेलं कुणाला आठवत नव्हतं,
संमती तर दूर; तिच्या लग्नाआधीच
गाव इकडं आलेलं.
तरी दुसऱ्या दिवशी तिनं माझी जुनी वही मागितली
आणि कारखान्याला जाताना पदरात गुंडाळली.
संध्याकाळी पाहिलं,
गाळलेल्या प्रत्येक कट्ट्याला एक रेघ,
मधेच एक वाकडी,
तिथं चेकर म्हणे वहीकडं बघत थांबला होता.
वहीनं काही झालं नाही.
म्हणजे त्या वर्षी तरी नाही.

चाचणीत प्रश्न आला,
एका गुणाचा: तीन-पंचमांश तरतूद म्हणजे काय?
मी तीन ओळी नीट लिहिल्या,
चौथीत लिहिलं, छाट.
सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली,
समासात प्रश्नचिन्ह,
आणि दिला अर्धा गुण.

आई हसली, सुपातला तंबाखू उडेपर्यंत.
"अर्धा?
अगं, हे तर पाचास तीनपेक्षाबी कमी."